मंदावणारा दिवा

पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज नाटककाराचें ‘गॅस लाइट’ हें नाटक १९३८ सालीं रंगभूमीवर आलें. त्यांतील पति घरांतल्या वस्तु स्वतःच नाहींशा करतो आणि विसरभोळेपणाचा दोष पत्नीच्या माथीं मारतो. आप्तेष्टांपासून ती तुटलेली. खरें काय तें विचारावें कोणाला? रोज रात्रीं तो बाहेर पडतो आणि थोड्याच वेळानें तिच्या खोलींतील दिवा मंदावतो. कारण साधें आहे. तो चोरून वरच्या मजल्यावर शिरतो व तेथें दिवा पेटवितो. त्यामुळें खालच्या दिव्याला गॅस कमी पडतो. तिला मात्र आपल्याच बुद्धीचा संशय येतो. अखेर एक निवृत्त पोलीस अधिकारी दिव्याचा तो चढउतार स्वतः पाहतो आणि तिच्या शंकेला आधार मिळतो. पतीच्या कपटाचें बळ एवढेंच होतें, कीं तिला दुसरा साक्षीदार नव्हता. अशा छळास इंग्रजींत ‘गॅसलायटिंग’ म्हणतात, तें याच नाटकावरून.