नर-मादी आणि मोबाइलचे अँटेना

पावसाळ्यात बोरी नदी दुथडी भरली की नळदुर्गच्या किल्ल्यात गर्दी उसळते. किल्ला आणि शेजारचा रणमंडळ हा उपदुर्ग यांना जोडणारा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली बांधला गेला. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे आणि सांडव्यांवरून नर व मादी हे दोन धबधबे शेजारीशेजारी कोसळतात. समोर उभा असलेला जो तो व्हिडिओ काढतो आणि तिथूनच घरी पाठवतो. टॉवर तोच, लहरींचा पट्टाही तेवढाच. मग सगळ्यांचे मावते कसे?

मावण्याला मर्यादा आहे, हे क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली गणिताने दाखवले. समजा, फोनपर्यंत पोचलेला सिग्नल भोवतीच्या खरखरीच्या शंभरपट आहे. तेव्हा एका अँटेनाकडून दुसऱ्याकडे पट्ट्याच्या दर हर्ट्झमागे सेकंदाला जास्तीत जास्त ६.६६ बिट जातात. टॉवरची शक्ती दुप्पट केली तर ७.६५. वीज दुप्पट जळली, पदरात पडला एक बिट! शक्ती तेवढीच ठेवून दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना लावले, तर सर्वांत अनुकूल स्थितीत १३.३ बिट जातात.

या कल्पनेच्या सुरुवातीच्या पेटंटवरचे एक नाव पुण्याचे आहे. थॉमस कैलाथ १९३५ साली पुण्यात एका मल्याळी कुटुंबात जन्मले आणि १९५६ साली तिथल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे ते स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. भारतीय नौदलासाठी सोनार ही ध्वनिलहरींनी पाण्याखालचा वेध घेणारी यंत्रणा घडवलेले आरोग्यस्वामी पॉलराज तिथे त्यांच्यासोबत होते. दोघांनी १९९२ साली अर्ज केला, १९९४ साली पेटंट मिळाले. १९९५ साली बेल लॅब्जमध्ये एमरे तेलतार यांनी गणित मांडले: दोन टोकांपैकी ज्या टोकाला अँटेना कमी, त्या संख्येच्या पटीत क्षमता वाढू शकते.

यामागे शाळेतलेच बीजगणित आहे. दोन अँटेना एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर वेगवेगळा मजकूर सोडतात. फोनच्या दोन्ही अँटेनांना त्यांची सरमिसळ ऐकू येते, पण प्रत्येकाला निराळ्या प्रमाणात. दोन समीकरणे, दोन अज्ञात. सोडवली की मजकूर सुटा होतो. अट एकच, दुसरे समीकरण पहिल्याची नक्कल नको. उघड्या माळावर टॉवर थेट समोर असला की नेमकी नक्कलच होते. भिंती, बुरूज, कडे यांच्यावर आपटून लहरी आडवळणाने आल्या की प्रत्येक वाट वेगळी पडते. या परावर्तनांमुळे सिग्नल डळमळतो, म्हणून अभियंते वर्षानुवर्षे त्यांना शिव्या देत आले. इथे तीच परावर्तने कामाला आली. आज ५जी टॉवरवर ६४-६४ अँटेना-वाटांची यंत्रे असतात; त्यामुळे एकाच पट्ट्यावर गर्दीतल्या अनेक फोनांशी एकाच वेळी बोलता येते.

सगळ्या वाटा मात्र सारख्या चांगल्या नसतात. त्यांच्यात शक्ती वाटायची कशी, याचे उत्तर देताना गणिती पाण्याचाच दाखला देतात. खडबडीत तळाच्या तळ्यात पाणी ओता. ते आधी खोल खड्ड्यांत साचते, उंचवटे कोरडे राहतात. खोल खड्डा म्हणजे कमी खरखरीची वाट. शक्ती अशीच ओतली, तर एकूण मजकूर सर्वांत जास्त जातो.

यातच या तंत्राची मर्यादाही दिसते. पाणी थोडे असेल, तर सगळे एकाच खड्ड्यात जाते. टॉवरपासून लांबच्या वस्तीवर सिग्नल क्षीण असतो. तिथे फोनमध्ये चार अँटेना असले, तरी मजकुराची वाट बहुधा एकच चालते. तिथे आणखी अँटेना जोडून भागत नाही, टॉवरच जवळ आणावा लागतो. सांडवे दोन बांधले म्हणून नर-मादी वाहत नाहीत, आधी बोरीला पाणी यावे लागते.