ट्रंकेतल्या चौकोनी निगेटिव्ह

जुनी पत्र्याची ट्रंक आवरताना कधी कधी एखादं मळकं पाकीट हाती लागतं. आत काळपट फिल्मचे तुकडे असतात. उजेडाकडे धरले तर चेहरे काळे आणि काळे केस पांढरे दिसतात. या फोटोच्या निगेटिव्ह. फोटो भिंतीवर आहे, मग हे कशाला, म्हणून बऱ्याच घरांत त्या केराबरोबर जातात. त्या टाकू नका, हे सांगायला आज मी बोलतेय.

आधी तुकड्याचा आकार बघा. अरुंद पट्टी असेल आणि दोन्ही कडांना भोकं असतील, तर ती छोट्या कॅमेऱ्याची. तिच्यावरचं एक चित्र साधारण २४ बाय ३६ मिलिमीटरचं. पण भोकं नसलेला, जवळपास सहा सेंटिमीटरचा चौकोन असेल, तर तो ‘मीडियम फॉरमॅट’ म्हणजे मधल्या मापाच्या कॅमेऱ्यातला. त्याला १२० नंबरचा रोल लागतो. कोडॅक कंपनीने तो १९०१ साली काढला आणि आजही मिळतो. एका रोलवर असे चौकोनी फोटो बाराच निघतात. मग फोटोवाले काका दहादा “हलू नका” म्हणणारच!

हा चौकोन त्या छोट्या चित्राच्या साडेतीन पटींहून मोठा असतो. रुमालावरची नक्षी ताणून चादरीएवढी केली, तर टाके विरळ होतात, फुलाचं फूल राहत नाही. मुळात कापडच मोठं असेल तर कमी ताणावं लागतं. फोटो नीट काढलेला असेल, तर चौकोनी निगेटिव्हवरून मोठा केला तरी लुगड्याचा काठ आणि नथीतले मोती वेगवेगळे दिसतात. लग्नात, स्टुडिओत हे कॅमेरे चालायचे ते यासाठीच.

त्यात एक दोन भिंगांचा कॅमेरा असतो. जर्मनीत १९२९ साली निघालेला रोलायफ्लेक्स त्यातला नावाजलेला. जपानचा यशिकाही त्याच धाटणीचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघतो. कॅमेरा पोटाशी धरून मान खाली घालायची. काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं, त्यामुळे हात बसायला वेळ लागतो.

हा कॅमेरा होमाई व्यारावाला यांच्याही हातात होता. जन्म १९१३, नवसारीचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. वर्तमानपत्रांसाठी फोटो काढणाऱ्या भारतातल्या त्या पहिल्या बाई. साडी नेसून, पुरुषांच्या गर्दीत उभं राहून त्यांनी दिल्लीत स्वातंत्र्याचे दिवस टिपले. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून आले. काम बाईचं, नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आपल्या आया-आज्यांचं नाव तर सातबाऱ्यावरही क्वचितच सापडतं. कित्येकींचा सगळ्या आयुष्यात एकच फोटो निघाला. भिंतीवरचा तो फोटो ओलीने डागाळला, तरी निगेटिव्ह असेल तर नवा काढता येतो.

तेव्हा निगेटिव्ह कडेला धरा, मधे बोट लावू नका. प्लास्टिकच्या पिशवीत नको. कोऱ्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर फिल्म खराब होऊ लागली आहे, ती बाकीच्यांपासून वेगळी करा आणि तिचा फोटो आधी काढून घ्या. एका मोबाइलचा पडदा पांढरा करून त्याच्यावर थोड्या अंतरावर निगेटिव्ह धरायची आणि दुसऱ्या मोबाइलने फोटो काढायचा. मग फोटो ॲपमध्ये रंग उलटे करायचे. घरातल्या कॉलेजच्या पोरीला सांगा, ती करून देईल. आणि पाकिटावर त्या बाईचं नाव, गाव पेन्सिलीने लिहा, ओळखणारं माणूस घरात आहे तोवर.