वाद नको म्हणणाऱ्यांचा संवाद

"वकीलसाहेब, गावात चर्चा झाली. समेट झाला. आता केस तेवढी संपवायची." वकिलीत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. मागे असेच चार गावकरी ऑफिसात आले. त्यांच्यासोबत आपल्या वस्तीतील एक बाई होती. तिच्या मुलाला जातीवरून शिवीगाळ व मारहाण झाली होती, अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा दाखल होता आणि तीच प्रमुख साक्षीदार होती. अर्धा तास ते चौघेच बोलत होते. शेवटी मी त्यांना बाहेर बसायला सांगितले आणि तिला विचारले, "मावशी, त्या चर्चेत तुम्ही काय बोललात?" ती म्हणाली, "मी काय बोलनार साहेब? ते म्हनले, रानात काम देनार नाही, दुकानात किराणा देनार नाही. मी मान हलवली."

या मान हलवण्याला गावाने चर्चा म्हटले, समेट म्हटले, सामंजस्य म्हटले. म्हणून आज या शब्दांचाच विचार केला पाहिजे. चुकीचा शब्द आपण मान्य केला की त्याच्यामागोमाग हक्कही जातो.

आपल्या आजा-पणजांच्या वाट्याला बोलण्याचे कोणते शब्द आले होते? हुकूम, सांगावा आणि जोहार. हुकूम ऐकायचा, मयताचा सांगावा परगावी पोचवायचा आणि 'जोहार मायबाप' म्हणून लांब उभे राहायचे. सांगावा नेणाऱ्याला स्वतःचे म्हणणे नसते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव 'मूकनायक' होते. मूक म्हणजे जीभ नसलेला नव्हे, तर ज्याचे बोलणे कोणी हिशेबातच धरत नाही तो. पुढे दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३० मध्ये, बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून बसले. गावात जोहार गेला, जयभीम आला. जोहार वाकून घालावा लागे. जयभीम ताठ मानेने म्हणतो आणि समोरचाही जयभीमच म्हणतो. बरोबरीचे बोलणे इथून सुरू होते.

आज आपल्याला सांगितले जाते, 'वाद नको, संवाद करा.' ऐकायला गोड आहे. पण वाद हा शब्द इतका वाईट आहे काय? प्राचीन न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य शोधण्यासाठी करतात तो वाद, केवळ जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढायचे ती वितंडा. म्हणजे तिघांत प्रतिष्ठेचा शब्द वाद हाच आहे. दिवाणी न्यायालयात दाद मागणाऱ्यालाही आपण वादीच म्हणतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला 'वाद करू नको' असे सांगणे म्हणजे 'दाद मागू नको' असेच सांगणे होय.

मग खरा संवाद कोणता? याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भदन्त नागसेनांना चर्चेचे आमंत्रण देतो. नागसेन म्हणतात, पंडितांसारखे बोलणार असाल तर बोलू, राजांसारखे बोलणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. नागसेन सांगतात की पंडितांच्या चर्चेत एकाचे म्हणणे दुसरा खोडतो, चूक दाखवतो, तरी कोणी रागावत नाही. राजे मात्र एक मत ठरवतात आणि जो सहमत नसेल त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद अट मान्य करतो, मगच चर्चा सुरू होते. 'नाही' म्हणणाऱ्याला शिक्षा होणार नाही, ही हमी संवादाच्या आधी द्यावी लागते. त्या बाईला कोणती हमी मिळाली होती? गावाची ती बैठक राजवाद होती.

कायदाही वेगळे सांगत नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या कलम १४ नुसार धाकदपटशा, अनुचित प्रभाव किंवा फसवणूक यांतून मिळवलेली संमती मुक्त संमती ठरत नाही. जमिनीच्या व्यवहारात जे चालत नाही ते माणसाच्या इज्जतीच्या व्यवहारात कसे चालेल? २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराकडेही या नजरेने पाहावे. त्या वाटाघाटींवर गांधीजींच्या प्राणांतिक उपोषणाचे दडपण होते आणि बाबासाहेबांनी पुढे त्या उपोषणावर कठोर टीका केली.

अॅट्रॉसिटी कायद्यातील गुन्हे पक्षकारांनी आपसात मिटवण्याजोगे नाहीत. उच्च व सर्वोच्च न्यायालये अपवाद म्हणून समेट विचारात घेतात. पण रामावतार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या २०२१ च्या प्रकरणात तसा समेट मान्य करतानाही सर्वोच्च न्यायालयाने बजावले की सक्तीची नुसती शंका आली तरी आरोपीला सवलत देता येणार नाही. २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक वा आर्थिक बहिष्काराची धमकी हाच गुन्हा ठरवला. त्याच दुरुस्तीतील कलम १५-अ ने जामिनासह महत्त्वाच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला. या हक्काचे नाव सुनावणी. ज्याचे ऐकले जाते, त्याचीच सुनावणी होते.

मग गावात समेट होतो म्हणजे काय होते? साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून फितूर होतो. आरोपी निर्दोष सुटतो. आणि तोच निकाल दाखवून 'हे लोक खोट्या केसेस करतात' म्हणून ओरड केली जाते. ज्यांनी साक्षीदाराचे तोंड बंद केले, तेच त्याला खोटे ठरवतात.

पण बोट फक्त गावाकडे दाखवून चालणार नाही. आपल्या बैठकांत काय चालते? मंचावर दहा वक्ते आणि सतरंजीवर महिला. अध्यक्ष 'चर्चा झाली' असे जाहीर करतात तेव्हा एकाही बाईने तोंड उघडलेले नसते. वेगळे मत मांडणाऱ्या तरुणाला दुसऱ्या दिवशी फुटीर ठरवले जाते. मंगलसुत्तात योग्य वेळी केलेल्या धम्मचर्चेला उत्तम मंगल म्हटले आहे. ते सुत्त आपण दर कार्यक्रमात म्हणतो आणि वागतो मात्र राजांसारखे. घरात राजवाद चालवणाऱ्याला गावाकडे संवाद मागण्याचा अधिकार उरत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे. कोणी समेटाचा निरोप आणला तर आधी विचारा, बैठक कोणाच्या दारात आहे? पीडित स्वतः बोलणार की तिच्या वतीने दुसरेच? ती 'नाही' म्हणाली तर उद्या तिला काम मिळेल काय? उत्तरे समाधानकारक नसतील तर त्या बैठकीला संवाद म्हणू नका. तिला दबाव म्हणा आणि तशी तक्रार लेखी द्या.

त्या मावशींनी त्या दिवशी कागदावर अंगठा दिला नाही. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली. उलटतपासात वकिलांनी विचारले, "गावात समेट झाला होता, हे खरे आहे काय?" त्या म्हणाल्या, "ते बोलले. मी बोलले नव्हते. आज बोलते." खटला अजून चालू आहे. निकाल काहीही लागो, त्यांचे म्हणणे आता न्यायालयाच्या दप्तरात आहे.

जयभीम!