उरलेल्या कोंबडीचा 'पाय'

शीर्षक वाचून घाबरू नका. हा पाय कोंबडीचा नाही, आणि आपल्याला शाळेपासून छळणारा ३.१४ सुद्धा नाही. हा खायचा पाय! माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं (तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या). तिथल्या गोष्टींच्या पुस्तकांत हा पाय सारखा भेटायचा, ताटात मात्र कधी आला नाही. तो आला इंजिनिअरिंगला आल्यावर, आणि तोही एका वाईट प्रसंगानंतर.

सेकंड इयरला असताना रविवारच्या फीस्टचं चिकन उरलं. मी डबा भरून खोलीत आणला, रात्रभर कॉटखाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चोरून आणलेल्या हॉटप्लेटवर गरम केला. (हॉटप्लेट तेव्हाच जप्त झाली, रेक्टर मॅडमनी काळजी करू नये.) पार्टनरने विचारलं, "चालेल ना गं?" मी ऐटीत म्हटलं, "चांगलं खळखळून उकळलंय, काय होतंय?" मला भूक नव्हती. ती जेवली. संध्याकाळपासून उलट्या, रात्री सलाईन, आणि दुसऱ्या दिवशीची इंटर्नल बुडाली.

डॉक्टरांनी मला एकच गोष्ट समजावली. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच अन्नात सोडलेलं विष उकळूनही जात नाही. स्टॅफिलोकॉकस हा त्यातलाच. तो आपल्या हातांवर, नाकात असतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये अशा जंतूंची चंगळ असते, आणि आपली खोली बरोब्बर त्यातच बसते. म्हणून नियम असा: शिजलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. हवा ३२ अंशांच्या वर असेल, म्हणजे आपला एप्रिल-मे, तर एकाच तासात. मोठा ढीग आतून लवकर गार होत नाही, म्हणून उथळ डब्यांत पसरून ठेवायचं. फ्रीजमध्ये ते तीन-चार दिवस टिकतं. परत गरम करताना आतपर्यंत ७४ अंश व्हायला हवेत. पण हे शेवटचं पहिल्याला पर्याय नाही. मी नेमकी तिथेच चुकले.

आता पाय. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. घरोघरी अख्खी टर्की भाजतात आणि ती एका दिवसात संपत नाही. मग उरलेल्या टर्कीचा किंवा एरवी कोंबडीचा 'पॉट पाय' होतो. म्हणजे भांड्यात दाटसर सारण आणि वर कणकेचं झाकण. सोप्या प्रकारात तळाला पारी नसतेच. थोडक्यात, बिनपायाचा पाय!

चौघींसाठी साहित्य: हाडं काढून सोडवलेलं चिकन दोन वाट्या, कांदा, गाजर, मटार, बटाटा मिळून दोन वाट्या, बटर दोन मोठे चमचे, मैदा तीन मोठे चमचे, दूध एक वाटी, चिकनच्या हाडांचं उकळून काढलेलं पाणी एक वाटी, मीठ, मिरपूड. झाकणासाठी मैदा १५० ग्रॅम, थंडगार बटर ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि तीन-चार चमचे बर्फाचं पाणी.

आधी झाकण. दिवाळीत शंकरपाळ्यांना आपण कडकडीत मोहन घालतो, इथे उलटं. बटर फ्रीजमधून काढून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, मटाराएवढे खडे राहिले तरी चालतील, नव्हे राहायलाच हवेत. ओव्हनमध्ये हेच खडे वितळतात, बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. पाणी घालून गोळा जेमतेम जमवायचा. मळत बसलात तर ग्लुटेन तयार होऊन झाकण चिवट होईल. गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये.

मग सारण. बटाटा-गाजर आधी वाफवून घ्या. बटरवर कांदा परता, मैदा घालून दोन मिनिटं भाजा. मैद्याच्या कणांना तूप-लोणी लागलं की ते एकमेकांना चिकटत नाहीत, म्हणून गुठळ्या होत नाहीत. दूध आणि चिकनचं पाणी थोडं थोडं घालून ढवळत उकळी आणा. साधारण ६० अंशांच्या पुढे स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि सॉस दाट होतो. त्यात भाज्या, मटार, चिकन, मीठ, मिरपूड. चिकन मसाल्यातलं असेल तर मीठ चाखूनच घाला.

सारण भांड्यात ओतून जरा निवलं की वर लाटलेली पारी. कडा दाबा आणि मध्ये चार चिरा द्या. हा आपला सेफ्टी व्हॉल्व्ह! नाहीतर वाफ झाकण उचलते किंवा ओलं करते. २०० अंशांवर अर्धा तास, झाकण सोनेरी होऊन चिरांतून सारण खदखदताना दिसेपर्यंत.

यंदाच्या गॅदरिंगला तंदुरी उरली. मेसच्या काकूंनी आणि मी ती पसरट डब्यांत भरून मेसच्या फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी रेक्टर मॅडमनी त्यांच्या क्वार्टरमधला ओटीजी वापरू दिला. (मॅडम, थँक्यू!)

पार्टनरने ताट पुढे ओढलं आणि परत तेच विचारलं, "चालेल ना गं?" या वेळी मी उकळल्याच्या गप्पा मारल्या नाहीत. म्हटलं, "नऊला तंदूरमधून उतरलं, पावणेदहाला फ्रीजमध्ये." तिने एक क्षण हिशोब केला आणि चमचा उचलला. उरलं काहीच नाही, त्यामुळे पायाचं पुढे काय करायचं हे मात्र मला विचारू नका.