माती आणि माणूस : गहू कुठल्या मातीतला?

चिखली-खामगाव रस्त्यावरच्या अमडापूरच्या शिवारात बेसाल्ट झिजून झालेली काळी जमीन आहे. मागच्या लेखांकात आपण शिसे आणि कॅडमियम पाहिले. हे जड धातू अशा चिकण, अल्कधर्मी मातीत बरेचसे अडकून पडतात, पिकाच्या मुळांना सहजी मिळत नाहीत. म्हणून ‘आमची जमीन चांगली आहे, आम्हाला कसली भीती’ असे म्हणणारा शेतकरी चुकत नाही. पण तो फक्त स्वतःच्या शेतापुरते बोलत असतो. सोयाबीन, तूर, हरभरा पिकवणाऱ्या घरातही पोळीचा गहू पुष्कळदा रेशनच्या दुकानातून येतो आणि तो कुठल्या मातीत वाढला हे पोत्यावर लिहिलेले नसते. मातीचा आरोग्याशी संबंध तपासताना पायाखालच्या मातीइतकीच ताटात येणारी मातीही तपासली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. त्याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात, घाटाखाली, मिळाला.

डिसेंबर 2024 ते जानेवारी 2025 या काळात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा 18 गावांतल्या 279 जणांचे केस गेले. आधी डोके खाजायचे, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचे. लहान मुले, कॉलेजच्या मुली, म्हातारी माणसे, कुणी सुटले नाही. पहिला संशय पाण्यावर गेला आणि ते साहजिक होते, कारण हा खारपाणपट्टा आहे. तिथल्या पाण्यात क्षार फार आणि नायट्रेटही जास्त. बुरशीचीही चर्चा झाली. पण खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्यांचे आणि केस गळणे त्या हिवाळ्यातले. जुन्या कारणाने एकाएकी नवा आजार का व्हावा, याचे उत्तर पाण्याकडे नव्हते.

ते शोधायला महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर या गावांत आले. विंचूदंशावरच्या प्राझोसिन उपचारामुळे जगाला माहीत झालेले हे डॉक्टर मूळचे शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण रक्तात नेहमीच्या 35 पट, लघवीत 60 पट आणि केसांत 150 पट आढळले; जस्त मात्र घटलेले. घरांतल्या रेशनच्या गव्हात किलोमागे 14.52 मिलिग्रॅम सेलेनियम होते, स्थानिक गव्हाच्या सुमारे 600 पट. तोच गहू धुऊन तपासला तेव्हा आकडा 13.61 आला. विष वरच्या धुळीत असते तर धुण्याने बरेचसे गेले असते. ते दाण्याच्या आत होते, म्हणजे पीक उभे असतानाच मुळांतून चढलेले. आता साधा हिशेब करा. दिवसाला 300 ग्रॅम पीठ पोटात गेले तर सुमारे 4.4 मिलिग्रॅम सेलेनियम जाते. प्रौढ माणसासाठी वरची मर्यादा 0.4 मिलिग्रॅम मानली जाते. दहापटीहून जास्त! चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात 1960च्या दशकात केस आणि नखे गळण्याची साथ आली होती, तिच्याही मुळाशी सेलेनियमच होते.

सेलेनियम जड धातूच नाही, हा आक्षेप रास्त आहे. तो धातू आणि अधातू यांच्या मधला, शरीराला अत्यल्प प्रमाणात हवाच असलेला. पण या फरकामुळे चिंता कमी होत नाही. अल्कधर्मी, हवा खेळत्या जमिनीत शिसे जखडले जाते, तर सेलेनियम सेलेनेटच्या रूपात विरघळून मोकळे होते आणि गंधक ज्या वाटेने मुळात शिरते त्याच वाटेने आत जाते. रोप त्याला गंधकच समजते. म्हणजे ‘आमच्या मातीचा सामू जास्त, म्हणून धोका नाही’ हा ठोकताळा एका धातूला लागू पडतो, दुसऱ्या मूलद्रव्याला उलटा पडतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हा गहू पंजाबकडचा, असे बावस्करांचे म्हणणे. मग पंजाबात लोकांचे केस का गेले नाहीत? तिथल्या नवांशहर आणि होशियारपूर भागांत सेलेनियमयुक्त जमिनीचे काही पट्टे आहेत. शिवालिकच्या टेकड्यांतून वाहून आलेल्या गाळाने ते झाले. त्या पट्ट्यांत जनावरांचे खूर आणि केस गळाल्याच्या, माणसांच्या केसा-नखांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. पट्टे लहान असल्याने त्यांचा गहू बाजारात इतर गव्हात मिसळतो आणि मात्रा पातळ होते. मात्र एखाद्या पट्ट्यातला माल न मिसळता थेट काही मोजक्या दुकानांत पोचला, तर ती सारी मात्रा त्याच घरांच्या वाट्याला येते. आजार शेजारशेजारच्या गावांतच का दिसला, याचे मला हेच पटणारे स्पष्टीकरण वाटते.

देशभरचे प्रत्येक पोते तपासणे शक्य नाही, हे मान्य. त्याची गरजही नाही. अशा जमिनी कुठे आहेत हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी दशकांपूर्वी अभ्यासून ठेवले आहे. त्या भागातला गहू खरेदी केंद्रावरच वेगळा ठेवून त्याचा नमुना काढता येतो. त्याच विद्यापीठाच्या प्रयोगांत शेतात जिप्सम टाकल्यावर गव्हातले सेलेनियम कमी झाले, कारण मुळाच्या त्या वाटेत गंधकाची गर्दी झाली की सेलेनियमला शिरकाव कमी मिळतो.