यंत्र गप्प आहे, म्हणजे आकाश मोकळं आहे का?

माझ्या पीएचडीचा विषय कोणी विचारला की मी थोडक्यात सांगते, 'अलार्म आणि माणूस'. पुढचा प्रश्न ठरलेला: अलार्म असला की माणूस बेफिकीर होतो का हो? आज हे ग्लायडरच्या उदाहरणावरून बघू.

ग्लायडरला इंजिन नसतं. उंची मिळवायची तर तापलेल्या हवेचा वर चढणारा झोत, म्हणजे थर्मल, शोधायचा आणि त्यात घारीसारखं गोल फिरायचं. अडचण अशी की चांगला थर्मल सगळ्यांनाच हवा असतो. त्यामुळे चार-पाच ग्लायडर एकाच झोतात फिरताना दिसणं अगदी नेहमीचं. म्हणून शिस्त: आधीचा ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने आत शिरायचं, आणि नजर सतत बाहेर ठेवायची.

पण नजरेलाही मर्यादा आहेत. समजा, दोन ग्लायडर ताशी १५० किमी वेगाने समोरासमोर येतायत. अंतर सेकंदाला सुमारे ८३ मीटरने कमी होतं. धडकेच्या २० सेकंद आधी समोरचा दीड किलोमीटरहून थोडा लांब असतो. त्याचे १५ मीटरचे पंख तिथून दिसतात पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढे, पण जाडी दोऱ्याची! त्यातून जो सरळ तुमच्या अंगावर येतोय तो काचेवर सरकत नाही, एकाच जागी राहतो. आपला डोळा हालचाल पटकन टिपतो, स्थिर ठिपका नाही. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट, म्हणजे १० ते ५ सेकंदांत एकदा दुप्पट, पुढच्या अडीच सेकंदांत पुन्हा दुप्पट. ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो आणि मग एकदम विमान होतो. हा काही आळशीपणा नव्हे, भूमिती आहे. 'नीट बघितलं असतं तर' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये फ्लार्म आलं. हे यंत्र जीपीएसवरून स्वतःची जागा आणि पुढच्या काही सेकंदांतला संभाव्य मार्ग काढतं, रेडिओवर आसपास कळवतं, इतरांचे मार्ग ऐकतं आणि धडक संभवत असेल तरच ओरडतं. ग्लायडर जवळजवळ फिरणारच, हे त्यात गृहीत धरलेलं आहे, नाहीतर थर्मलमध्ये नुसता कलकलाट झाला असता. कुठे वळायचं ते मात्र सांगत नाही. धोका कुठल्या बाजूला आहे एवढंच. बघायचं आणि ठरवायचं पायलटनेच.

आता गोम. ज्याच्याकडे सिग्नल पाठवणारं काहीच नाही, तो साध्या फ्लार्मच्या लेखी आकाशात नसतोच. कार्बन फायबरच्या सांगाड्यामुळे काही दिशांचा सिग्नल अडू शकतो. म्हणजे यंत्राच्या गप्प राहण्याचे दोन अर्थ: कोणी नाही, किंवा मला ऐकू येत नाही. कॉकपिटमध्ये दोन्ही सारखेच ऐकू येतात.

इथे १९९३चा एक प्रयोग आठवतो, राजा परसुरामन, रॉबर्ट मोलॉय आणि इंद्रमणी सिंग यांचा. लोकांना सिम्युलेटरवर एकाच वेळी तीन कामं दिली, त्यातलं इंजिनच्या काट्यांवर लक्ष ठेवायचं काम स्वयंचलित यंत्रणेकडे होतं. ती मधूनमधून चुकायची. जिची विश्वासार्हता सतत एकसारखी राहिली तिच्या चुका लोकांच्या जास्त सुटल्या, जिची कमी-जास्त होत राहिली तिच्या कमी. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: नुसतं लक्ष ठेवण्याचं एकच काम दिलं तर हा ढिलेपणा दिसलाच नाही.

थर्मलमधला पायलट काय करत असतो? वळणाचा कोन सांभाळतो, वेग बघतो, झोताचा मध्य शोधतो, पुढचा टप्पा ठरवतो. हात आणि डोकं भरलेलं. अशा वेळी जे काम दुसरं कोणीतरी करतंय असं वाटतं, तिथून लक्ष आपोआप काढलं जातं. त्याला बेशिस्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग फ्लार्म काढून टाकायचं? छे. त्या दोऱ्याएवढ्या पंखांचा पत्ता वेळेत देणारं दुसरं काय आहे? पण प्रशिक्षणात यंत्र ओरडल्यावर काय करायचं याइतकाच वेळ ते गप्प असताना काय करायचं यावर द्यायला हवा. उदाहरणार्थ, वळण्याआधी त्या बाजूला मान वळवून बघणं, स्क्रीनवर एकही ठिपका नसला तरी.