निबंधाच्या वहीतले भविष्य

मराठवाड्यात मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी रात्री बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करतात आणि त्या पूजेपाशी कोरा कागद व लेखणी ठेवतात. सटवाईने मध्यरात्री येऊन बाळाच्या कपाळी त्याच्या आयुष्याचा लेख लिहावा, तो कोणास वाचता येऊ नये आणि कोणास खोडताही येऊ नये, अशी त्यामागची श्रद्धा. निजामी अमलात या श्रद्धेला व्यवहाराचीही पुष्टी होती. कुळाच्या मुलाने कूळ व्हावे, बलुतेदाराच्या मुलाने बलुते चालवावे आणि पटवाऱ्याच्या मुलाने वडिलांचे दप्तर सांभाळावे, हा शिरस्ता इतका पक्का होता की मुलाला त्याचे भविष्य विचारण्याचे प्रयोजनच कोणास वाटत नसे. वरच्या इयत्तांचे शिक्षण उर्दूतून होई. हिप्परग्यास १९२१ मध्ये निघालेल्या राष्ट्रीय शाळेसारखे, जेथे पुढे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले, असे अपवाद विरळाच.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील ही सत्ता संपली, १९५० मध्ये नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि गावोगावच्या मराठी शाळांतून आमच्या पिढीला एक अपूर्व अधिकार मिळाला. फळ्यावर ‘एकविसाव्या शतकातील भारत’ किंवा ‘इ. स. २०००’ असा विषय लिहून गुरुजी खुर्चीवर बसत, आणि तासाभरासाठी आपले भविष्य आपण लिहिण्याची मुभा आम्हा मुलांना असे.

त्या निबंधांची घडण ठरलेली असे. वहीच्या डाव्या अंगास समास सोडायचा, मथळ्याखाली दोन रेघा ओढायच्या आणि आरंभ झोपेने करायचा: अभ्यास करता करता डोळा लागला, अंगणात एक चमत्कारिक यान उतरले आणि त्याने मला पुढल्या शतकात नेले. शेवटही ठरलेलाच. आईची हाक येई, स्वप्न भंगे, आणि मूल पुन्हा कंदिलाच्या उजेडात येई. खाली गुरुजींचा तांबड्या शाईतला शेरा असे: ‘कल्पना उत्तम, शुद्धलेखन सुधारावे.’ उद्याविषयी काही बोलायचे तर ते स्वप्नाच्या आडोशानेच बोलावे, ही त्या वयाची आणि त्या काळाची मर्यादा होती. तथापि त्या आडोशामागे मुलांनी जे मागितले ते अतिशय जमिनीवरचे होते.

१९६९ मध्ये मनुष्य चंद्रावर उतरल्यानंतर चंद्रावरच्या सहली वह्यांत शिरल्या हे खरे, परंतु लातूरच्या मुलाचे मन त्याहून अधिक रुळांत गुंतलेले असे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १९११ मध्ये लातुरास आली आणि पुढे हा मार्ग मिरजेपर्यंत पोहोचला. त्या चिमुकल्या गाडीत कुर्डुवाडीपर्यंत हेलकावे खाणारा मुलगा ‘आमच्या गावास मोठी गाडी येईल’ असे लिही. नांदेडचा मुलगा मीटरगेजच्या डब्यातून येऊन मनमाडला गाडी बदलण्याचा जाच जाणत असल्याने मुंबईची थेट गाडी मागे. तेथल्याच उस्मानशाही कापड मिलच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची चूल पेटे, त्यांच्या वहीत ती मिल दुप्पट झालेली असे. गोदाकाठच्या शेतकऱ्याची मुले कालव्यांविषयी लिहीत, कारण १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडीची पायाभरणी झाल्याची वार्ता घरोघर पोहोचली होती. आणि आडावरून पोहऱ्याने पाणी शेंदणाऱ्या मुली लिहीत की प्रत्येक घरात नळ असेल.

या भाकितांचा आज ताळा घेतला तर मुलांच्या पदरात पुष्कळ यश पडते. जायकवाडीचे धरण १९७६ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले आणि नांदेडजवळ विष्णुपुरीचा उपसा जलसिंचन प्रकल्प उभा राहिला. मनमाडला गाडी बदलणे संपले. लातूर १६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला, २००८ पर्यंत कुर्डुवाडीचा मार्ग रुंद झाला, आणि जेथे अडीच फुटी रुळांवर गाडी धापा टाकत येई तेथेच २०१८ मध्ये रेल्वेडब्यांच्या कारखान्याची पायाभरणी होऊन २०२० च्या डिसेंबरात पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. नांदेडास १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ निघाले. मिलविषयीचे भाकीत मात्र खोटे ठरले. ती वाढली नाही, बंद पडली.

परंतु या प्रदेशाचे आयुष्य ज्या दोन घटनांनी मुळापासून हलविले, त्यांची चाहूल कोणाच्याही वहीत नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दख्खनचे पठार अचल आहे हे भूगोलाच्या पुस्तकापासून सरकारी नकाशापर्यंत सर्वत्र गृहीत धरलेले होते. भूकंपाच्या दृष्टीने हा भाग सर्वात कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत असे. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद, ही उन्हाळ्यात गारवा देणारी घरेच निजलेल्या माणसांवर कोसळली आणि आठ ते दहा हजार जीव गेले. दुसरी घटना २०१६ ची. मांजरा धरण आटल्याने लातूर तहानेने व्याकूळ झाले, पाणी भरण्याच्या जागी जमावबंदीचा हुकूम लावावा लागला, आणि १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी लातुरास आली. ज्या मिरजेशी लातूरला लहान रुळांनी जोडले होते, तिकडूनच हे पाणी आले. नळ येईल असे मुलींनी लिहिले होते आणि तो आलाही. त्या नळाला पाणी नसेल, असे कोणी लिहिले नव्हते.

याचा दोष मुलांच्या कल्पनाशक्तीस देता येणार नाही. मूल भविष्य लिहिते ते आपल्या उणिवेतून. जे जवळ नाही त्याची ते मागणी करते, आणि जे पायाखाली व भोवती सदैव आहे त्याविषयी त्यास प्रश्न पडत नाही. आडात पाणी होते, जमीन स्थिर होती, म्हणून ती दोन्ही निबंधाबाहेर राहिली. वडीलधारी माणसे म्हणतात की बहात्तरच्या दुष्काळात खायला अन्न नव्हते, सुकडी खाऊन दिवस काढले, पण विहिरीला पाणी होते; सोळाच्या दुष्काळात दुकानात धान्य होते, पाणी नव्हते. या एका वाक्यात दोन पिढ्यांच्या वह्यांमधला फरक सामावलेला आहे. म्हणूनच जुनी भाकिते खरी ठरली की खोटी, या निवाड्यापेक्षा त्यांत काय मागितले होते आणि काय मागण्याची गरजच वाटली नव्हती, हे वाचणे मला अधिक मोलाचे वाटते.

ब्रिटनमध्ये हे मोल वेळीच ओळखले गेले. मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांना, ती अकरा वर्षांची असता, १९६९ मध्ये ‘तुम्ही पंचवीस वर्षांचे झाला आहात असे समजा’ असा निबंध लिहावयास दिला गेला. तसे तेरा हजारांहून अधिक निबंध जतन झाले आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्या प्रत्यक्ष आयुष्याशी ते ताडून पाहता आले. आमच्या वह्या मात्र वार्षिक परीक्षेनंतर रद्दीत गेल्या, आणि त्यांबरोबर मुक्तीनंतरच्या पहिल्या पिढीच्या आकांक्षांचा अस्सल दस्तऐवजही गेला.

आज परीक्षांची कसून तयारी करून घेणाऱ्या ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीमुळे दूरदूरची मुले लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत येतात. या शिस्तीने कित्येक गरीब घरांतील मुलांना डॉक्टर केले, हे उपकार थोर आहेत. परंतु ‘मोठेपणी काय होणार’ या प्रश्नाचे उत्तर जर दहाव्या वर्षीच दोन शब्दांत संपत असेल, तर मुलाला मिळालेला तो तासाभराचा अधिकार आपण परत घेत आहोत. तो त्यास द्यावा. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा, गुण न देता, सहावी-सातवीच्या मुलांकडून २०५० साली आपले गाव, आपले शेत आणि आपली विहीर कशी असेल हे लिहून घ्यावे. काय हवे याबरोबरच काय हरवू नये, हेही विचारावे. आणि ते कागद तालुक्याच्या वाचनालयात वर्षवार बांधून ठेवावेत. २०५० साली ते उघडणाऱ्यास आपण कशासाठी झटलो आणि कशाकडे दुर्लक्ष केले, हे दोन्ही एकाच हस्ताक्षरात वाचावयास मिळेल.